पहिलं बोट वरवंट्याला

३ फेब्रुवारी, मंगळवार

मला म्हणे हात धू! ज्या हातांनी हिच्या बापाला न्हाऊ घातलं, मग हिला घातलं, चाळीतली निम्मी पोरं पायावर घेऊन चोळली, त्या हातांना आज गंधाली सांगते, "आजी, आधी साबणाने हात धू, मग बाळाला घे." वर आणि, "नीट धू." नीट! मी काय शेणात हात घालून आले होते?

श्री. भगवती माते, गाऱ्हाणं आधी घातलं, नमस्कार आता करते. राग आला की क्रम राहत नाही.

ही डायरी मेडिकलवाल्याने दिलेली. किरणने, म्हणजे माझ्या मुलाने, महिनाभर त्याच्याकडे एवढ्या फेऱ्या मारल्या की बिचाऱ्याला लाज वाटली असेल. किरण म्हणाला, "आई, तू लिही. दिवसभर आमच्या डोक्याशी बोलतेस, थोडं कागदाशी बोल." माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, जीभ सरळ आहे.

तर किरणची मुलगी गंधाली पहिल्या बाळंतपणाला इकडे घाटकोपरला आमच्याकडे आलेली. पोर दिवस भरायच्या आधीच आली. महिनाभर काचेच्या पेटीत होती, आज घरी आणली. केवढीशी, तर पोळीच्या डब्यात मावेल. नाव अजून ठेवलं नाही. मी ठकी म्हणते.

धुतले हात. पदराला पुसले. घेतली. काही हलकी नाही वाटली. उगाच घाबरवतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गंधालीची सासू आली, वनमालाबाई. बोरिवलीहून टॅक्सीने. टॅक्सीचं दार, लिफ्टचं बटण, आमची बेल, सगळ्याला हात लावत आली आणि तसाच तो हात ठकीच्या मानेखाली. उचलली आणि गालाचे मुके घेतले, मचामचा. मी गंधालीकडे बघितलं, आता सांगेल, मग सांगेल. ती फरशीकडे बघत बसली. माझी सून नीला, म्हणजे गंधालीची आई, सरबत ढवळत राहिली.

नातजावई निहार तिथेच उभा होता. पवईला ऑफिस, तिथून रोज संध्याकाळी येतो. आईला बघून बेसिनकडे गेला आणि नळ सोडून हात धूत बसला. त्याचं हे नेहमीचं. आईचा आवाज चढला की जावई बेसिनपाशी. नुसता गुळाचा गणपती.

त्या गेल्यावर गंधालीला विचारलं, "काय गो, मला एक कायदा आणि तिला दुसरा?"

"आजी, तुला सांगता येतं."

"म्हणजे मी काय वाऱ्यावरून आले? माझी किंमत नाही, म्हणून मला सांगता येतं?"

ती रडायला लागली. बाळंतिणीला रडू लवकर येतं. मी उठून गेले.

९ फेब्रुवारी, सोमवार

ठकीला दाखवायला दवाखान्यात. बेसिनवर हात कसे धुवायचे त्याचा रंगीत तक्ता. बोटांत बोटं घाला, अंगठा चोळा, नखं तळव्यावर घासा. छान. साबणाची बाटली दाबली तर फुस्स. रिकामी. मी माझ्या पिशवीतली वडी काढली. माझ्या मागे रांगेत एक सूटबूटवाला, त्याने तक्ता वाचला आणि बोटं ओली करून झटकली.

डॉक्टरीण गंधालीच्याच वयाची. मी आधीच विचारलं, "बाई, तुमचे धुतले का?" नीलाने मला चिमटा काढला. डॉक्टरीण हसली, उठली, आतल्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, कागदाने पुसले. म्हणाली, "आजी, तुम्हाला सर्दी झाली तर तुम्ही दोन दिवस शिंकाल. हिला झाली तर हिला परत त्या पेटीत ठेवावं लागेल. अजून काही महिने गर्दी नको, मुके नकोत. तोंडात आईच्या दुधाशिवाय काही नको. मध नको, घुटी नको. आणि जो हिला हात लावेल त्याने आधी साबणाने हात धुवायचे."

"कोणी कोणी?"

"सगळ्यांनी."

तेवढा एक शब्द मी घट्ट धरून घरी आणला. सगळ्यांनी. ठीक आहे. मी तर मी. पण मग सगळे.

बाहेर रिक्षाची वाट बघताना वडापावच्या गाडीजवळ उभे होतो. तिथे पाण्याचं पिंप, त्याला तोटी. लोक येत होते, बोटांची टोकं ओली करत होते आणि पँटला पुसून वडा हातात. नैवेद्याभोवती पाणी फिरवतात ना, तेवढं पाणी. तेही देवाला जास्त मिळतं. अरे, हेच ना ते लोक, कोरोनात कोथिंबीर साबणाने धूत होते? जीव स्वतःचा होता तेव्हा तळवे घासत होते. आता नाक पुसलेला हात तसाच पुढे करतात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भजनी मंडळाच्या बाया ठकीला बघायला आल्या. मी पॅसेजमध्ये बेसिनच्या बाजूला स्टूल टाकून बसले. एकेकीला थांबवलं. "आधी हात." "अगो, आम्ही घरूनच धुऊन आलो." "घरी बाळ नाही, बाळ इथे आहे. धू."

रेवतीने तोंड वाकडं केलं. "आम्ही काय अस्पृश्य आहोत?"

"ज्यांना तसं म्हणायचे त्यांना लोक दारातही उभं करत नव्हते. मी तुला दार उघडून, साबण देऊन, आत ये म्हणते. फरक कळत नसेल तर चहा पिऊन जा, बाळ नको बघू."

धुतले तिने. चांगले धुतले, अंगठासुद्धा. माझ्यासमोर माझ्या नियमाला नाक मुरडत, पण धुतले.

हे जावयाने नवीनच काढलंय. बेसिनवर जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे घडी घालून ठेवतो. एकदा हात पुसायचे आणि बादलीत टाकायचे. रात्री सगळे उकळून वाळत घालतो. दोरीवर बघावं तर जसं काही सर्कशीचं तोरण. म्हटलं, "जावईबापू, पदर काय वाईट आहे?" हसला नुसता. बोलेल तर शपथ.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक झालं. रेवती परत आली, बटाट्याची भाजी घेऊन. न सांगता बेसिनकडे गेली, हात धुतले, नखं घासली, आणि मग पदराला पुसले. त्याच पदराने खालच्या गेटातून येताना तिने नाक पुसलेलं मी गॅलरीतून पाहिलं होतं. म्हटलं, "झालं तुझं! गंगेत न्हाऊन गटारात पाय." आणि बोलता बोलता माझं लक्ष माझ्या पदराकडे गेलं.

सकाळी त्याच पदराने कुकर उतरवला होता. ओट्याची कड पुसली होती. चष्मा पुसला होता. रुमाल सापडला नाही म्हणून आणखीही काही पुसलं होतं.

रेवतीला जावयाचा तुकडा दिला. मी एक घेतला. पदर कमरेला खोचला. बोलले कुणाला काही नाही. जावई ऑफिसात होता ते बरं झालं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वनमालाबाईंचा फोन. बारसं पुढच्या रविवारी, १ मार्चला, त्यानंतर शिमगा येतो. त्यांची चाळीस माणसं येतील. आणि त्यांचे थोरले दीर, चंद्रप्रकाश भाऊजी, ते मध चाटवणार. त्यांच्या घराण्यात प्रत्येक बाळाच्या जिभेवर पहिलं बोट त्यांचंच असतं. सोन्याची अंगठी मधात बुडवून.

मी फोन नीलाच्या हातून घेतला. "बाई, डॉक्टर गर्दी नको म्हणते, मध नको म्हणते. बोटही नको."

"आजी, तुमच्या काळात तुम्ही काय करत होता?"

"चाटवत होतो. माझे दोन गेले ना तसेच. कशाने गेले ते कुणी विचारलंच नाही."

मग म्हणाल्या, "एवढंसं बोट असतं. आमची पद्धत आहे." आणि ठेवला.

संध्याकाळी गंधाली माझ्या खाटेवर येऊन बसली. ठकीला पाजून आली होती, अंगाला दुधाचा वास. "आजी, तू त्या दिवशी काही करू नकोस."

"म्हणजे काय? बघत बसू?"

"तुझा शिमगा एका दिवसाचा असतो. मला त्या घरात रोज राहायचंय."

खरं आहे तिचं. मी आज आहे, उद्या फोटोत. मग भांडण तिच्या गळ्यात. पण पेटी? त्या काचेला बाहेरून हात लावून उभी असायची ही, हे ती विसरली? की विसरली नाही, म्हणूनच घाबरते? मला असले गुंते उलगडत नाहीत. मला एवढं कळतं की बोट तोंडात जाता कामा नये.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मी जावयाकडे संशयाने बघत होते. तो येतो, हात धुतो, पुसतो, पाळण्याजवळ जातो आणि हात मागे बांधून उभा राहतो. परत जातो, परत धुतो. पण पोरीला घेत नाही. एकदाही नाही. म्हटलं, मुलगी झाली म्हणून आहे की काय? की घाण वाटते?

आज तो चहाचा कप घेत होता तेव्हा त्याचे हात दिसले. बोटांची पेरं फुटलेली, सुकट बोंबलासारखी. रक्त आलेलं.

खोबरेलची बाटली पुढ्यात आपटली. "लावा. किती धुवायचे त्याला काही सुमार? आणि एवढे धुता तर पोरीला घेत का नाही?"

त्याने बाटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "आजी, पेटीत होती तेव्हा नर्सने मला एकदा आत हात घालू दिला होता. बाळाने माझं बोट धरलं. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला."

"मग?"

"मग काही नाही."

त्याच्या बोटाचा आणि तापाचा काय संबंध? डॉक्टरांनी तसं सांगितलं का विचारलं, तर नाही म्हणाला. शिकलेली माणसं कुठून काय जोडतील सांगता येत नाही. तेल मीच लावलं त्याला. नीला बघत राहिली. बघ म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

माळ्यावरून पाटा-वरवंटा काढायला लावला. किरण म्हणाला, "आई, मिक्सर आहे." म्हटलं, मिक्सरला झबलं घालता येत नाही.

बारशाला आधी वरवंट्यालाच बाळ करायची पद्धत. झबलं-टोपरं घालून, काजळ लावून, बायका त्याला पाळण्याच्या वरून खालून एकमेकींच्या हातात देतात. घ्या गोविंद, घ्या गोपाळ. मग तसंच बाळाला. माझ्या सासूने किरणच्या वेळी केलं, मी गंधालीच्या वेळी केलं. का करतात ते कधी विचारलं नाही. आता मला वाटतं कुणातरी माझ्यासारख्या खडूस म्हातारीने काढलं असेल. बाळाला काय व्हायचं ते आधी दगडाला होऊ दे.

घासून ठेवलाय. ठकीचं जुनं टोपरं त्याला होत नाही, डोकं मोठं आहे.

भीती वाटते का? वाटते. माझ्यासाठी नाही.

१ मार्च, रविवार

हात दुखतोय पण लिहिते.

सकाळपासून स्टूलवर बसले, बेसिनच्या बाजूला. डाव्या हाताला साबण, उजव्या हाताला जावयाचे तुकडे, खाली बादली. चाळीस म्हणाल्या होत्या, पन्नास आली. नटूनथटून. लाइनीत उभं केलं सगळ्यांना. कुणी म्हणालं, "आजी, हे काय रेशनचं दुकान आहे?" म्हटलं, "रेशनला हात धुवायला लावत नाहीत, म्हणून तर हे हाल." कुणी टोकं ओली केली त्याला परत पाठवलं. निहारची बहीण श्वेता, म्हणजे ठकीची आत्या, तिने न सांगता बांगड्या काढून ठेवल्या आणि कोपरापर्यंत धुतले. वनमालाबाईंनी धुतले, पण माझ्याकडे न बघता. चालेल. साबणाला राग कळत नाही.

चंद्रप्रकाश भाऊजी आले. गोरेपान, सिल्कचा झब्बा, अत्तर. खिशातून छोटी बाटली काढली. "आजी, हे बघा. नव्व्याण्णव टक्के जंतू मरतात."

"मग उरलेला एक बोरिवलीलाच ठेवून यायचा. साबण इकडे आहे."

हसले, बाटलीतले दोन थेंब चोळले आणि गेले आत. लगेच शिंकले. रुमाल काढला, नाक पुसलं, घडी घालून परत खिशात. मी पाहिलं. नीलाने पाहिलं. गंधालीने पाहिलं आणि खाली बघितलं.

मग वरवंटा. बायकांनी घेतला, हसल्या, वर-खाली दिला. मी म्हटलं, "पुरुषांनीपण घ्या! मुके घ्या, फोटो काढा, काय हवं ते करा, हा आजारी पडत नाही." झकास चाललं. पोरीबाळी वरवंट्याबरोबर सेल्फी काढत होत्या. पन्नास जणांचे हात आणि तोंडं त्या दगडावर पडली. मला बरं वाटलं. प्रत्येक मुक्याला वाटलं, हा एक चुकला.

मग ठकी. मी सांगितलं, पोर चौघांच्याच हातातून जाईल. गंधाली, नीला, आत्या. आणि पाळण्याखाली बाप.

वनमालाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे पुरुष पाळण्याखाली बसत नाहीत."

"तुमच्याकडे पुरुष हातही धूत नाहीत. हा धुतो. बसा हो जावईबापू."

बसला. मांडी घालून, घामाघूम. हात पुढे केले, तेल लावलेले, पेरं अजून फुटलेली. नीलाने ठकीला खाली दिलं. त्याने घेतली. म्हणजे अशी काही लांबवर धरली की मीच ओरडले, "धरा नीट, नारळ नाही तो." ठकीने एक डोळा उघडला, जांभई दिली, परत झोपली. तो उठला, पण पोरगी परत कुणाला दिलीच नाही. आत्याने त्याच्या हातातच कानात कुर्र केलं. इरावती. केवढीशी पोर आणि केवढं नाव. मी ठकीच म्हणणार.

तेवढ्यात चंद्रप्रकाश भाऊजी उठले. चांदीची वाटी, मध, अंगठी. "आण रे निहार तिला. तुझ्या जिभेवरही पहिलं बोट माझंच होतं."

मी मध्ये उभी राहिले. "जावई दिवस भरून जन्माला आले होते."

"आजी, बाजूला व्हा. शुभ काम आहे."

"शुभ आहे ना? मग थांबवत नाही." पाळण्यातला वरवंटा उचलला आणि त्यांच्या पुढे धरला. टोपरं तिरकं झालं होतं. "पहिलं बोट ह्याला. ह्याने आयुष्यभर मिरची चाखली, आज गोड खाईल."

कुणीतरी फिसकन हसलं. त्यांचा चेहरा लाल. "हा अपमान आहे."

"बोट धुवा, आणि तरीही ह्यालाच द्या. तिच्या तोंडात काही जाणार नाही. डॉक्टर म्हणाली, सगळ्यांनी. तुमचं नाव वगळून नाही म्हणाली."

"निहार!" वनमालाबाई. "तू काय बघत बसलायस?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो बेसिनकडे बघत होता. मला माहीत होतं, आता जाणार, नळ सोडणार. पण हातात पोरगी. जाणार कसा? तो तसाच भिंतीकडे वळला, तिला छातीशी धरून, सगळ्यांकडे पाठ करून. मला राग आला, तोंड लपवतो म्हणून. आता लिहिताना वाटतं, तोंड नव्हता लपवत.

चंद्रप्रकाश भाऊजींनी वाटी टेबलावर ठेवली आणि चालू लागले. वनमालाबाई मागून. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं तसंच सोडून. जाताना दारात थांबून गंधालीला म्हणाल्या, "मी उद्या फोन करीन. ह्याचा जबाब मला तुझ्याकडून पाहिजे. तो मिळाल्याशिवाय बोरिवलीला यायची घाई करू नकोस."

बाकीचे जेवले. सगळे हात धुऊन जेवले. वडे छान फुगले होते. गंधाली जेवली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

शिमगा उद्यापासून म्हणतात. आमच्याकडे झाला.

२ मार्च, सोमवार

कुणी आजारी नाही. ठकी ठीक. आता म्हणतील, बघा, काहीच झालं नाही, उगाच म्हातारीने तमाशा केला. म्हणू देत. काही झालं नाही ह्याच्यासाठीच तर केला.

पण गंधाली सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसलेली. ओठ हलत होते. "सॉरी आई, आजीचं वय झालंय," असं काहीतरी पाठ करत होती. निहारने आज सुट्टी घेतली. ठकी त्याच्या खांद्यावर. कालपासून तो तिला खाली ठेवत नाही, पाजायला दिली तरी दारात उभा राहून वाट बघतो.

मी मनात म्हटलं, चूक केलीस का गो म्हातारे? पोर वाचवायला गेलीस आणि आईला अडकवलंस? मग म्हटलं, नाही. अडकवलं मी नाही. सासूला जबाब सुनेने द्यायचा हे कुणी ठरवलं? मुलगा मुका आहे का?

फोन वाजला. आई असं नाव दिसत होतं, म्हणजे वनमालाबाई. नीला स्वयंपाकघरातून धावत आली, "मी बोलते, मी माफी मागते." आणि जावयाने ठकीला गंधालीकडे दिलं आणि पाय कुठे वळले, तर बेसिनकडे. नळ सुरू.

मी जाऊन नळ बंद केला.

"निहार, इकडे बघ."

नीला दारातून कुजबुजली, "आई, जावयाला अरेतुरे?"

"ज्याला सांगता येतं त्यालाच सांगते." फोन गंधालीच्या मांडीवरून उचलला आणि त्याच्या ओल्या हातात ठेवला. वाजतच होता. "स्वच्छ आहेत तुझे हात. काल सगळ्यांनी बघितले. आई तुझी आहे, पोर तुझी आहे. गंधाली बोलणार नाही, नीला बोलणार नाही, मी तर नाहीच नाही. जबाब तू द्यायचा. हात मग धू, आधी फोन उचल."